वैद्यकसेवेचे वेतन आणि लोकारोग्य : एक ऐतिहासिक आलोचन

आपल्या स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांची काही पृष्ठे असतात, आणि त्यांत पहिला मान बहुधा वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना मिळतो. हे स्वाभाविकच आहे. वैद्याला नारायण मानण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि घरात एक डॉक्टर झाला की सबंध कुळाला आधार लाभला असे आपल्याकडे अद्यापि समजले जाते. परंतु सत्काराची शाल घडी करून ठेवल्यावर हा तरुण डॉक्टर कोठे जातो, कोणाच्या पदरी राहतो आणि त्याचा चरितार्थ कोण चालवितो, याचा विचार मात्र फारसा होत नाही. उलट वार्षिक सभेत एक तक्रार हमखास ऐकू येते : आपले डॉक्टर सरकारी दवाखान्यांत टिकत नाहीत, खेड्यांत जात नाहीत, त्यांच्या ठायी सेवाभाव उरलेला नाही.

आमच्या मते ही तक्रार अर्धसत्य आहे. सेवाभाव हा गुण मोठा खरा. पण ज्या व्यवस्थेत तो राबवावयाचा, तिचा पाया पैशाच्या व्यवहारावर उभा असतो. सरकारने डॉक्टरास काय द्यावे, काय देऊ नये, आणि न दिलेले त्याने कोठून मिळवावे, हा प्रश्न आपल्या प्रांतात पावणेदोनशे वर्षे चालत आला आहे. त्याचा इतिहास पाहिला असता आज जे दुखणे वाटते त्याची मुळे कोठवर गेली आहेत हे ध्यानी येते. प्रस्तुत लेखात आम्ही तो इतिहास थोडक्यात मांडून शेवटी ज्ञातिबांधवांच्या विचारार्थ दोन शब्द लिहिणार आहोत.

ग्रँट कॉलेज आणि पहिले पदवीधर

मुंबईत एतद्देशीयांना पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न 1826 साली झाला. परंतु ती शाळा 1832 मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. 1838 मध्ये ते निवर्तले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1845 साली सुरू झाले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. 1851 मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

या पदवीधरांना सरकारने नोकरी देऊ केली ती सब-असिस्टंट सर्जन या हुद्द्याची. विद्या तीच, रोगी तेच, शस्त्रक्रियाही त्याच. परंतु युरोपीय सर्जनाच्या हाताखालचा हा दर्जा, आणि त्या दर्जाला साजेसे अल्प वेतन. मुंबईसारख्या शहरात खाजगी व्यवसायाचे क्षेत्र विस्तीर्ण असल्याने कर्तृत्ववान माणसे त्या नोकरीत रमणे शक्य नव्हते. डॉ. भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला, आणि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. एतद्देशीयांना राज्यकारभारात योग्य स्थान मिळावे ही त्या संस्थेची मागणी होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रीमंतांकडून फी घ्यावी आणि गरिबांना फुकट औषध द्यावे, हा जो आदर्श आपण आजही मोठ्या अभिमानाने सांगतो, तो अशा रीतीने आकारास आला. तो उदात्त होता यात संशय नाही. परंतु सरकारी सेवेचे दार अर्धेच उघडे असल्यामुळेही तो निर्माण झाला, हे विसरता कामा नये.

सर्जन साहेबांची सवलत

त्या काळी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, मोठ्या रुग्णालयाचा मुख्य आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा प्राध्यापक या जागा बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. ही सेवा मूलतः लष्करी. युद्ध उद्भवल्यास फौजेला डॉक्टर मिळावेत म्हणून शांततेच्या काळात त्यांना मुलकी जागांवर ठेवावयाचे, असे हे धोरण होते. 1855 पासून स्पर्धापरीक्षेने या सेवेत प्रवेश मिळू लागला, आणि त्याच वर्षी बंगालचे डॉ. सूर्यकुमार चक्रवर्ती तीत शिरले. परंतु परीक्षा लंडनमध्ये होत असल्याने तिकडे जाण्याची ऐपत असलेले हिंदी तरुण विरळा.

या अधिकाऱ्यांना भरघोस वेतनाखेरीज खाजगी व्यवसायाची मुभा होती. जिल्ह्यातील संस्थानिक, जहागीरदार, सावकार आणि वकील सिव्हिल सर्जनला घरी बोलावीत आणि मोठी फी देत. हुद्दा सरकारी, तर त्या हुद्द्याचे मोल बाजारात वसूल होई. या सवलतीची प्रथा पुढे आपल्या वैद्यकसेवेच्या हाडींमासी खिळली.

त्याच जिल्ह्यात तालुक्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट काम करीत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला सब-असिस्टंट सर्जन हे नाव मिळाले. लस टोचणे, शवचिकित्सा, न्यायालयात साक्ष, पटकीच्या साथीत गावोगावी फिरणे, हे सारे त्याच्याच माथी. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेसारख्या संस्थांतून ही माणसे तयार होत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ज्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून ओळखले, तो बहुधा हाच अल्पवेतनी गृहस्थ होता.

या विषमतेविरुद्ध आवाज उठविणारी संस्था म्हणजे 1883 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे मेडिकल युनियन. मुलकी वैद्यकसेवा लष्करी सेवेपासून वेगळी करावी आणि ती हिंदी पदवीधरांना खुली व्हावी, ही मागणी मुंबईच्या डॉक्टरांनी लावून धरली. डॉ. के. एन. बहादुरजी यांनी 1890 नंतरच्या दशकात ती राष्ट्रीय सभेपुढे नेली. वेतनाचा प्रश्न अशा रीतीने राजकारणाच्या मुख्य प्रवाहात आला.

1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईतील मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढल्या वर्षी पुण्यात साथीने हाहाकार उडविला. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि त्या सेवेतच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंना मृत्यू आला. साथीच्या वेळी लोकांना पहिला आधार मिळाला तो एतद्देशीय डॉक्टरांचा. वेतनश्रेणीत मात्र ते खालच्या पायरीवरच राहिले.

1919 च्या सुधारणांनी आरोग्यखाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविले. कागदोपत्री हे मोठे पाऊल होते. प्रत्यक्षात इंडियन मेडिकल सर्व्हिससाठी राखलेल्या जागा आणि त्यांचे वेतन भारतमंत्र्यांच्या अखत्यारीत राहिले. खाते मंत्र्याचे, पण खात्याचे मुख्य अधिकारी दुसऱ्याचे, असा हा चमत्कारिक संसार होता.

मानद पद्धतीचा उदय

हिंदी डॉक्टरांना रुग्णालयात मानाचे स्थान मिळावे म्हणून मुंबईत जे प्रयत्न झाले, त्यांत शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय यांचे स्थान अग्रगण्य आहे. देणगीदारांच्या विश्वस्तांनी अशी अट घातली की या महाविद्यालयातील अध्यापक सरकारी सेवेबाहेरील, सुयोग्य हिंदी डॉक्टरच असावेत. 1926 मध्ये परळला मुंबई महापालिकेच्या छत्राखाली हे रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. जीवराज मेहता यांनी त्याची धुरा अनेक वर्षे वाहिली. तत्पूर्वी असहकाराच्या वातावरणात, 1921 साली, डॉ. ए. एल. नायर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते, पुढे कै. मोतीराम देसाई टोपीवाले यांच्या देणगीमुळे ते टोपीवाला महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले आणि 1946 मध्ये नायर रुग्णालय महापालिकेकडे गेले.

या रुग्णालयांतून मानद डॉक्टरांची पद्धत रुजली. नामांकित सर्जन आणि फिजिशियन सकाळी रुग्णालयात येत, वॉर्डात फेरी घालीत, शस्त्रक्रिया करीत, विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि दुपारनंतर आपल्या खाजगी दवाखान्यात बसत. रुग्णालयाकडून त्यांना वेतन नसे, किंवा नाममात्र मानधन असे. त्या डॉक्टरांच्या ज्ञानाचा आणि निष्ठेचा लाभ लक्षावधी गरीब रोग्यांना झाला, आणि विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यांच्या पायांशी बसून घडल्या. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु व्यवस्था म्हणून पाहिले तर तिच्यात एक वैगुण्य होते. मानद पद मिळाले की खाजगी व्यवसाय फोफावे. म्हणजे वेतन न देता संस्थेने डॉक्टरास प्रतिष्ठा दिली आणि त्या प्रतिष्ठेचे पैसे बाहेरच्या रोग्याने मोजले. शिवाय ज्याला घरचा आधार आहे, शहरात जागा आहे, आरंभीची वर्षे बिनपगारी काढण्याची ऐपत आहे, त्यालाच हे पद परवडे. गरीब घरच्या हुशार मुलाला ते दुर्मिळ होते. राष्ट्रीय अस्मितेसाठी निघालेली पद्धत अशा तऱ्हेने काही अंशी धनिकतेच्या कुंपणात अडकली. अलीकडे पूर्णवेळ अध्यापकांमुळे ती बव्हंशी मागे पडली आहे.

नाशिकच्या सुपुत्राचा अहवाल

ऑक्टोबर 1943 मध्ये हिंदुस्थान सरकारने आरोग्यविषयक पाहणी आणि विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. 1946 साली प्रसिद्ध झालेला हा अहवाल आजही वाचकाला विचारात पाडतो. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 47,400 नोंदलेले डॉक्टर होते. म्हणजे सुमारे 6,300 लोकांमागे एक. यांपैकी सुमारे 13,000 डॉक्टरच सरकारी वा अन्य संस्थांच्या नोकरीत होते. बाकीचे खाजगी व्यवसाय करीत आणि अर्थातच जेथे पैसा तेथे, म्हणजे शहरांत, वसत.

समितीचे सूत्र असे होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. यासाठी तिने तातडीच्या योजनेत 40,000 लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर सुचविले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची शिफारस निराळीच आहे. डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावेत, आणि त्यांना खाजगी व्यवसायाची मनाई असावी, असे समितीने सांगितले. फी देणारा आणि न देणारा असे दोन रोगी एकाच डॉक्टरापुढे उभे राहिले, तर न देणाऱ्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे, हे तिने ओळखले होते.

दुसरी शिफारस वादग्रस्त ठरली. त्या वेळच्या नोंदलेल्या डॉक्टरांत पदवीधरांपेक्षा परवानाधारकांची, म्हणजे लायसेन्शिएटांची, संख्या अधिक होती. मुंबई इलाख्यात एल. सी. पी. एस. म्हणून ते परिचित होते. समितीच्या बहुमताने हा वर्ग पुढे तयार करू नये, डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, असे ठरविले. सहा सभासदांनी याविरुद्ध मत नोंदविले. इतक्या मोठ्या देशाला डॉक्टर पुरविण्यासाठी हा वर्ग काही काळ आवश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे. समतेच्या दृष्टीने बहुमत योग्य होते. परंतु पदवीधराला खेड्यात ठेवण्याइतके वेतन देण्याची तयारी नसताना खेड्यातील परवानाधारक मात्र बंद झाला. निर्णयाचा एक अर्धा भाग अमलात आला आणि दुसरा, खर्चाचा, तसाच राहिला.

विलायतेतील तोडगा

याच सुमारास इंग्लंडात हाच प्रश्न चव्हाट्यावर आला होता. 5 जुलै 1948 रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तत्पूर्वी काही महिने डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात प्रचंड बहुमत तिच्याविरुद्ध होते. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी तडजोड केली. घरगुती डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, त्यांना नोंदलेल्या माणशी ठराविक रक्कम मिळेल; रुग्णालयातील तज्ज्ञांना चांगले वेतन, गुणवत्तेचे विशेष मानधन आणि मर्यादित खाजगी व्यवसायाची सवलतही राहील. तत्त्वाला थोडी मुरड पडली, परंतु रोग्याला दारात पैसे मोजावे लागले नाहीत. पुढे 1957 मध्ये वेतनासाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि त्याच्या शिफारशीवरून कायमचे वेतन परीक्षण मंडळ स्थापन झाले. भांडणे तेथेही होतात. पण भांडण्याची एक रीत ठरली.

या सेवेचा भार उचलण्यास 1960 च्या दशकात भारतातून डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. त्यांत मराठी कुटुंबांतील डॉक्टरही होते. 1975 मध्ये तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढून घेतल्यावर ही वाट अवघड झाली. आपल्या करदात्यांच्या पैशाने शिकलेला डॉक्टर परक्या देशाच्या सार्वजनिक रुग्णालयात समाधानाने राहतो, पण स्वतःच्या तालुक्यात राहत नाही, यावरून त्याच्यात सेवाभाव नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. सेवा तीच; आसरा देणारी व्यवस्था मात्र निराळी.

स्वराज्यातील वाटचाल

1952 पासून समाजविकास योजनेखाली आरोग्य केंद्रे निघू लागली. परंतु भोर समितीने 40,000 वस्तीस दोन डॉक्टर मागितले होते, तेथे त्याहून मोठ्या विकास गटास बहुधा एकच डॉक्टर आला. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे गेली. लोकांच्या प्रतिनिधींना दवाखान्याची देखरेख करता यावी हा हेतू उत्तम. पण अधिकार एकाकडे, निधी दुसऱ्याकडे आणि बदलीचे आदेश तिसऱ्याकडून, अशा फेऱ्यात डॉक्टर सापडला.

1967 साली जंगलवाला समितीने आरोग्यसेवेच्या एकीकरणाविषयी अहवाल दिला. एकच संवर्ग, समान ज्येष्ठता, समान कामास समान वेतन, सरकारी डॉक्टरांच्या खाजगी व्यवसायास बंदी, आणि सेवेच्या चांगल्या अटी, अशी तिची मांडणी होती. बंदी आणि चांगल्या अटी या दोन्ही एकाच शिफारशीत होत्या, हे विशेष. बंदीचा मोबदला म्हणून पुढे व्यवसायरोध भत्ता रूढ झाला. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ वेतनाच्या 20 टक्के ठरला. परंतु शहरी खाजगी व्यवसायाच्या उत्पन्नापुढे हा भत्ता तोकडाच.

1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. जागा वाढल्या; पण देणगीच्या रकमाही वाढल्या, इतक्या की 1987 मध्ये त्यांविरुद्ध कायदा करावा लागला. या धोरणाचा वेतनाशी संबंध सरळ आहे. ज्या घराने जमीन विकून वा कर्ज काढून मुलास डॉक्टर केले, ते घर त्या खर्चाची वसुली अपेक्षिते. तालुक्याच्या दवाखान्यातील पगार त्या हिशेबात बसत नाही. शिक्षण बाजारात विकावयाचे आणि सेवा मात्र धर्मादाय मागावयाची, ही विसंगती आहे.

रिकाम्या जागा भरण्यासाठी सरकारने तीन उपाय योजिले. पहिला, पदवीनंतर बंधपत्रित सेवा. दुसरा, 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून वाढलेली कंत्राटी नेमणूक. तिसरा, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधरांची खालच्या गटातील वैद्यकीय अधिकारी म्हणून नियुक्ती. तिन्ही उपायांनी दवाखाने उघडे राहिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु इतिहास जाणणाऱ्यास यांत ओळखीचे चेहरे दिसतात. काम समान, दर्जा वेगळा आणि वेतन कमी, ही जुन्या सब-असिस्टंट सर्जनचीच कहाणी आहे. निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ विद्यावेतनासाठी वारंवार संपावर जाते तेव्हा वृत्तपत्रे रोग्यांच्या हालांचे वर्णन करतात. ते हाल खरेच असतात. पण संपाआधीच्या वर्षानुवर्षांच्या अर्जविनंत्यांचे वर्णन क्वचितच छापले जाते.

सरकारने वाचविलेला पैसा अखेर कोणाच्या खिशातून जातो? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे 64 टक्के भार रोगी आणि त्यांचे कुटुंबीय प्रत्यक्ष खिशातून सोशीत होते. 2021-22 मध्ये हे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांवर आले. सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा असे ध्येय ठेवले असता, 2021-22 मध्ये तो 1.84 टक्केच होता. डॉक्टरास जे वेतन सरकार देत नाही, ते शेवटी आजारी माणूस देतो.

ज्ञातीपुढील कर्तव्य

आता आपल्याकडे वळू. सरकारला बोल लावणे सोपे आहे. परंतु त्याच तराजूत ज्ञातिसंस्थांनीही स्वतःला तोलून पाहिले पाहिजे. ज्ञातिसंस्थांच्या धर्मार्थ दवाखान्यांत डॉक्टरास बहुधा मानधनच दिले जाते, आणि नर्सला व कंपाउंडरला त्याहूनही कमी. देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते; रोग्याची शुश्रूषा करणाऱ्याच्या पगाराचा निधी मात्र कोणी उभारीत नाही. इमारतीस देणगी मिळते, माणसास मिळत नाही. मोठमोठ्या रुग्णालयांचा इतिहास हेच सांगतो.

दुसरे असे की वधूवर-सूचक मंडळाच्या नोंदवहीत तालुक्याच्या सरकारी डॉक्टरचे स्थळ आणि शहरातील स्वतःचे नर्सिंग होम असलेल्या डॉक्टरचे स्थळ यांची किंमत आपण कशी करतो? ज्या सेवेचा आपण व्यासपीठावरून गौरव करतो, तिलाच घरात दुय्यम मानीत असू, तर तरुणाने आपले कोणते बोलणे खरे मानावे?

म्हणून आमची नम्र सूचना अशी आहे. शिष्यवृत्तीनिधीतून वैद्यकीय शिक्षणासाठी जे कर्ज दिले जाते, त्यातील काही भाग सार्वजनिक रुग्णालयात ठराविक वर्षे सेवा करणाऱ्यास माफ करावा. ज्ञातीच्या दवाखान्यासाठी पुढील देणग्या इमारतीऐवजी वेतननिधीकडे वळवाव्यात. सार्वजनिक रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांचा, नर्सेसचा आणि तंत्रज्ञांचा सत्कार परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांच्या बरोबरीने व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उमेदवार मते मागावयास आपल्या सभागृहात येतात तेव्हा सभामंडपासाठी देणगी मागण्याऐवजी आपल्या तालुक्यातील रुग्णालयात किती जागा रिक्त आहेत आणि त्या कायम वेतनावर केव्हा भरल्या जातील, हे त्यांना विचारावे. हा प्रश्न एका ज्ञातीचा नव्हे. दवाखान्याच्या रांगेत सर्व जातींची माणसे एकाच बाकावर बसतात. आपण तो विचारला तर त्याचा लाभ त्या सर्वांना होईल, आणि त्यातच ज्ञातिसंस्थेच्या अस्तित्वाचे खरे सार्थक आहे.